एक तालुका, एक गट: डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी डॉक्टर, आशाताई, फिजिओ आणि औषधदुकानदार यांनी एकत्र काम कसं उभं करावं

सावंतवाडी-कुडाळ भागातल्या एखाद्या घरात आजींना विसर पडायला लागला की पुढं काय होतं, हे इथं आरोग्याचं काम करणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. पहिलं वर्ष "वय झालं" यातच जातं. मग गावातल्या डॉक्टरांकडून शक्तीच्या गोळ्या, देवळात गाऱ्हाणं, कुणीतरी सुचवलं म्हणून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची फेरी, तिथं सिटी स्कॅन. त्यानंतर मुंबईच्या मुलाकडं दोन महिने, तिथल्या न्यूरोलॉजिस्टनी दिलेली वेगळी औषधं, आणि परत गाव. या वाटेवर आजींना आरोग्यखात्यातली आणि बाहेरची दहा-बारा माणसं भेटलेली असतात. त्यातल्या एकालाही दुसऱ्यानं काय तपासलं, काय सांगितलं हे ठाऊक नसतं. सून मात्र प्रत्येकापुढं पहिल्यापासूनची सगळी कहाणी पुन्हा सांगत राहते.

आपल्याकडं मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत, हे खरंच आहे. पण तज्ज्ञ येण्याची वाट न पाहताही बरंच काही करता येतं, कारण डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती आणि रोजची कामं करण्याची क्षमता हळूहळू कमी करणाऱ्या या मेंदूच्या आजाराच्या, काळजीचा फार मोठा भाग घरात घडतो आणि त्या घरात जाणारी माणसं तालुक्यात आधीपासून आहेत. त्यांना एकमेकांशी जोडणं हेच मुख्य काम आहे. ते कसं करायचं, ते पुढं लिहिलं आहे. मनात सिंधुदुर्ग आहे. रत्नागिरीत, साताऱ्याच्या डोंगरी भागात किंवा तरुण मंडळी शहरात गेलेल्या कुठल्याही तालुक्यात थोडाफार बदल करून हे वापरता येईल.

आधी आकडा समजून घ्या

लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतातल्या ६० वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं. आपल्या तालुक्यात १२ हजार ज्येष्ठ असतील, तर या हिशेबानं जवळजवळ ८९० घरांत हा आजार आहे. आता तालुक्यातल्या डॉक्टरांना विचारा, निदान झालेले किती रुग्ण तुमच्या माहितीत आहेत? मिळणारं उत्तर आणि हा आकडा यांतलं अंतर पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहून ठेवा.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. चाकरमानी मुंबईत आणि म्हातारी माणसं गावात, हे इथलं जुनं चित्र. त्यामुळं इथं काळजी घेणारी व्यक्ती बहुधा एकटी असते आणि अनेकदा तीही सत्तरीची असते.

गोव्यातला एक प्रयोग या कामाला मोठा आधार देतो. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन गृह-सल्लागार म्हणून घराघरांत पाठवलं. त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ होते. माहिती देणं, धीर देणं, रोजच्या अडचणींवर घरच्यांबरोबर मार्ग काढणं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून देणं, एवढंच त्यांचं काम. सहा महिन्यांनी काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्यामुळं होणारा त्यांचा त्रास कमी झाला. हे परदेशात नाही, आपल्या शेजारच्या गावांत, आपल्यासारख्याच घरांत घडलेलं आहे.

गट लहान ठेवा

जिल्ह्यापासून सुरुवात करू नका. जिल्हास्तरीय समिती नेमली की पत्रव्यवहार सुरू होतो आणि तिथंच थांबतो. एक तालुका घ्या, त्यातही पहिल्या वर्षी दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांचं क्षेत्र पुरे. नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या विद्यापीठ रुग्णालयातून उभं राहिलेलं डिमेन्शियाचं जाळं अशाच छोट्या स्थानिक गटांचं आहे. एका वस्तीतले फॅमिली डॉक्टर, परिचारिका आणि समन्वयक एकत्र येतात, कुणीतरी एक जण पुढाकार घेतो, आणि दरवर्षी सुधारणेची मोजकीच उद्दिष्टं ठरतात. त्यांची व्यवस्था आपल्याकडं जशीच्या तशी येणार नाही. गटाचा आकार आणि वर्षाला मोजकी उद्दिष्टं, हे दोन मात्र घेण्यासारखं आहे.

आपल्या गटात सहा ते आठ जण असावेत. आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), दोन अनुभवी आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक. लोकांचा विश्वास असलेले एक खासगी डॉक्टर, मग ते बीएएमएस किंवा बीएचएमएस असले तरी चालतील. आजी पहिल्यांदा त्यांच्याकडंच जाणार आहेत आणि त्यांना बाहेर ठेवून इथं काहीही चालत नाही. एक फिजिओथेरपिस्ट. आणि बाजारपेठेतले एक औषधदुकानदार. त्यांचं नाव बहुतेक जण विसरतात, पण आजोबांची डायबेटिसची गोळी महिन्यात दोनदा नेली जातेय किंवा तीन महिने नेलीच गेली नाही, हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं. मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले असतील. त्यांच्याकडून दर आठवड्याची हजेरी मागू नका. महिन्यातून एक तास फोनवर आणि तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष, इतकं ठरवून घ्या आणि तेवढं नक्की मिळवा.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी भेटून लेखी कल्पना द्या. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे. वरून मान्यता नसेल तर हे काम त्यांच्या अंगावर पडलेलं आणखी एक फुकटचं काम ठरेल.

समन्वयक कोण?

माझं ठाम मत आहे की समन्वयक डॉक्टर नसावा. ज्याच्या ओपीडीबाहेर साठ माणसं बसली आहेत, तो एखाद्या सुनेचा फोन पंधरा मिनिटं ऐकू शकत नाही. निवृत्त परिचारिका, समाजकार्य शिकलेली स्थानिक मुलगी, पूर्वी शिक्षिका असलेली एखादी बाई, अशी कुणीतरी पाहावी. फोन उचलणारी, नोंद ठेवणारी, आणि मोठ्या डॉक्टरांनाही न घाबरता "सर, तुम्ही गेल्या महिन्यात बघतो म्हणालात, त्याचं काय झालं?" असं विचारू शकणारी.

तिला मानधन द्या. फार नाही, पण ठरलेलं आणि वेळेवर. स्वयंसेवेवर चाललेलं समन्वयाचं काम शेतीच्या हंगामात बंद पडतं. पेट्रोल, फोन आणि छपाई यांचा खर्च धरून वर्षाचं अंदाजपत्रक आधी मांडा आणि स्थानिक ट्रस्ट, पतसंस्था, मुंबईतलं गावचं मंडळ यांच्यापुढं ठेवा. गावच्या मंडळांनी आजवर मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी भरभरून दिलं आहे. आईवडिलांसाठीही ती देतील, मात्र नेमकं काय होणार आहे हे त्यांना कागदावर दिसलं पाहिजे.

शोधण्याचं काम नव्यानं काढू नका

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका तपासणारा सरकारी फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा एक. जेवण, कपडे, आंघोळ, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, असा दुसरा. म्हणजे चाळणीचा पहिला प्रश्न सरकारी कागदावर आधीच आहे. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की या प्रश्नांना "हो" आलं की ते नाव आठवड्याच्या आत समन्वयकाकडं पोचलं पाहिजे. नवा सर्व्हे नको, नवा फॉर्म नको.

मात्र हा प्रश्न आजींनाच विचारून भागत नाही. "नाही गो, मला सगळं आठवतं," असं त्या हसून सांगतील. घरातल्या माणसाला थोडं बाजूला घेऊन विचारावं लागतं, आणि प्रश्न स्मरणशक्तीपेक्षा कामांबद्दलचे असावेत. पूर्वी जमायचं आणि वर्षभरात जमेनासं झालंय असं काय आहे? आमटीत मीठ दोनदा पडतं का? सुट्या पैशांचा हिशेब चुकतो का? रोजच्या वाटेवर गोंधळ होतो का? तेच ते विचारतात का? गोष्टी भलत्या ठिकाणी ठेवून कुणीतरी चोरल्या म्हणतात का? अक्षरओळख नसलेल्या माणसाला "शंभरातून सात वजा करा" असं विचारून काहीच कळत नाही, त्याचा अपमान मात्र होतो. शिक्षणाचा आणि चाचणीच्या गुणांचा जवळचा संबंध असतो. म्हणून घरच्यांच्या माहितीला चाचणीइतकंच वजन द्या.

औषधदुकानदार, पोस्टमन, बँकेतले कर्मचारी आणि रिक्षावाले यांच्यासाठी एक तासाची बैठक घ्या. त्यांनी निदान करायचं नाही. "हे आजोबा तिसऱ्यांदा पैसे काढायला आलेत आणि सकाळी काढल्याचं त्यांना आठवत नाहीये" असं दिसलं, तर कुणाला फोन करायचा, एवढंच त्यांना माहीत असावं. आणि तो फोन आजोबांच्या घरच्यांशी अदबीनं बोलणाऱ्या माणसाकडं जावा. चारचौघांत चर्चा झाली की ते घर दार लावून घेतं.

निदान: गावात काय, वर काय

विसर पडणारं प्रत्येक माणूस डिमेन्शियाचं नसतं, आणि इथं घाई केली तर बरा होणारा आजार हातचा जातो. गटातल्या सगळ्या डॉक्टरांनी तपासण्यांचा एकच क्रम मान्य करावा.

पहिला प्रश्न: हे अचानक झालं की हळूहळू? दोन-चार दिवसांत बडबड, भास, दिवसा झोप आणि रात्री जागरण सुरू झालं असेल, तर ती तातडीची बाब आहे. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, साखर खाली जाणं, यांपैकी काहीतरी असतं. पावसाळ्यात आपल्याकडं लेप्टो आणि मलेरिया यांचाही विचार करावा लागतो. अशा रुग्णाला "म्हातारपण" म्हणून घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं. आधीपासून डिमेन्शिया असलेल्या माणसाची तब्येत अचानक बिघडली, तरी हाच नियम.

हळूहळू झालेलं असेल तर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृत तपासा. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. उदासपणाबद्दल विचारा. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात गप्प झालेली, जेवण कमी केलेली, "काय करायचं लक्षात ठेवून" म्हणणारी व्यक्ती नैराश्याची असू शकते, आणि ते उपचारांनी सुधारतं. दारूबद्दल विचारा. महिन्या-दोन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का, हे जरूर विचारा. म्हाताऱ्या माणसात किरकोळ पडण्यानंतरही मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साचू शकतं. पडल्याचा इतिहास, झपाट्यानं ढासळणं, चालण्यात नवा बदल, लघवीवरचा ताबा सुटणं, फिट, एका बाजूची कमजोरी, साठीच्या आतलं वय, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. स्कॅन आणि तज्ज्ञ दोन्ही लागतात.

कान आणि डोळे राहून जातात. मोतीबिंदू पिकलेला आणि कानात मळ भरलेला, अशा माणसाला प्रश्न विचारून आपण त्याच्या स्मृतीला दोष देतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांमध्ये ऐकू कमी येणं आणि दृष्टी अधू होणं या दोन्हींचा समावेश आहे. त्यामुळं मोतीबिंदूच्या शिबिराची यादी आणि आपली यादी एकमेकांशी ताडून पाहा.

मग औषधांची पिशवी. घरी असलेल्या सगळ्या गोळ्या, अगदी उशीखालच्यासुद्धा, एका पिशवीत घालून आणायला सांगा आणि औषधदुकानदारांबरोबर बसून एकेक पाहा. झोपेसाठी वर्षानुवर्षं चाललेलं अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम, ट्रायहेक्सिफेनिडिल, अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, ही सगळी म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. काही वेळा यांतलं एखादं कमी केल्यावरच माणूस पुष्कळ भानावर येतो. पण झोपेच्या गोळ्या एका दिवसात बंद करू नका, हळूहळू उतरवा.

एवढं गावात किंवा ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतं. त्यानंतर तज्ज्ञांचा सल्ला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून घ्यावा किंवा प्रत्यक्ष पाठवावं. पाठवताना कागद सोबत द्या आणि समन्वयकानं आधी फोन करून वार व वेळ विचारून घ्यावी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गाडी करून न्यायचं म्हणजे घरच्यांचा पूर्ण दिवस आणि बराच पैसा जातो. "आज साहेब नाहीत" हे त्यांना तिथं जाऊन कळता कामा नये.

निदान सांगण्याचं काम टाळू नका. "मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढतो, पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण पुष्कळ काही करता येतं आणि आम्ही सोबत आहोत," असं साध्या भाषेत, रुग्णालाही कळेल अशा तऱ्हेनं सांगा. घरच्यांनी देवाला कौल लावला असेल तर त्यावरून वाद घालू नका. गाऱ्हाणं आणि गोळी एकाच घरात सुखानं नांदतात.

घरची वही

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे एक शंभरपानी वही. ती रुग्णाच्या घरीच राहते. पहिल्या पानावर नाव, घरात काय म्हणून हाक मारतात, निदान व तारीख, इतर आजार, चालू औषधं, ॲलर्जी, मुलांचे फोन नंबर. दुसऱ्या पानावर माणूस: पूर्वी काय काम करायचे, काय आवडतं, कशानं घाबरतात, कशानं शांत होतात, कवळी-चष्मा-कानयंत्र आहे का. पुढं प्रत्येकानं तारीख घालून तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं, काय सांगितलं, पुढं कुणी काय करायचं. फिजिओनं लिहिलेलं डॉक्टरांनी वाचायचं आणि डॉक्टरांचं आशाताईंनी. म्हणून मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहा. मुंबईला जाताना वही सोबत न्यायची, तिथल्या डॉक्टरांनाही लिहायला सांगायचं. मोबाइल ॲप नंतर पाहता येईल, डोंगराआडच्या वाडीत नेटवर्क नसतानाही वही उघडते.

घरभेट

या सगळ्या कामाचा गाभा इथं आहे, म्हणून इथं वेळ द्या. पहिल्या तीन महिन्यांत पंधरवड्यातून एक भेट असावी, नंतर महिन्यातून एक. सीएचओ, आशाताई आणि समन्वयक यांनी आपसात घरं वाटून घ्यावीत, पण एका घरी शक्यतो एकच चेहरा जावा.

पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. पडवीत बसा, आजींशी आधी बोला, मग घरच्यांचं ऐका. निघताना काळजी घेणाऱ्या बाईला विहिरीपर्यंत किंवा गेटपर्यंत सोबत यायला सांगा. खरं काय चाललंय ते तिथं कळतं. रात्री किती वेळा उठावं लागतं, कुणावर हात उगारला गेला का, दोन्ही बाजूंनी, आणि तिची स्वतःची बीपीची गोळी चालू आहे का, हे तिथं विचारता येतं.

दुसऱ्या भेटीत घर पाहा. न्हाणीघरातली निसरडी लादी, रात्री अंधारात असलेली संडासची वाट, कठडा नसलेली विहीर, हाताशी ठेवलेले विळे-कोयते, कीटकनाशकाचा डबा, गॅसचा नॉब. एक भिंतीला बसवलेला दांडा, एक रात्रभर जळणारा छोटा बल्ब आणि विहिरीवर जाळी, एवढ्यानं बरेच अपघात टळतात. फिजिओनं याच भेटीत सोबत असावं. उठणं-बसणं, तोल, चप्पल कशी आहे, हे घरातच कळतं, दवाखान्यातल्या फरशीवर कळत नाही.

मग एकेक अडचण घ्या, सगळ्या एकदम घेऊ नका. कुठली अडचण आधी सोडवायची ते घरच्यांना ठरवू द्या. आंघोळीला नकार असेल, तर कधी, कुणी, कशा शब्दांत सांगितलं, पाणी किती गरम होतं, कपडे काढताना लाज वाटली का, हे विचारा. आयुष्यभर पहाटे चुलीवरच्या पाण्यानं न्हालेल्या बाईला दुपारी शॉवरखाली उभं केलं तर ती ओरडणारच. "माझ्या बांगड्या सुनेनं चोरल्या" याला "नाही, नाही" हे उत्तर नसतं. "चला, आपण दोघी शोधू" म्हणायचं आणि शोधता शोधता चहा ठेवायचा. सुनेला मात्र स्वतंत्रपणे सांगायचं की हा आजार बोलतोय. एवढी वर्षं सेवा करून चोर ठरणं किती दुखतं, हे कुणीतरी तिच्यापुढं मान्य करायला हवं.

संध्याकाळी "मला घरी जायचंय" सुरू होतं. ऐंशी वर्षांची बाई लग्नाआधीचं घर मागत असते. हेच तुमचं घर, हे पटवून देण्यात रात्र जाते. माहेराबद्दल विचारा, तिथली आंब्याची झाडं कुठली, भावंडं किती. थोडं अंगणात फिरवून आणा. दिवसा हाताला काम द्या: कुळीथ निवडणं, फुलं ओवणं, झावळीचे हीर काढणं. काम नीट झालं का, हे पाहू नका.

अचानक चिडचिड किंवा मारहाण सुरू झाली, तर वागणुकीवर बोलण्याआधी शरीर पाहा. बद्धकोष्ठ, लघवी अडणं, दातदुखी, ताप, भूक, गुडघेदुखी. सांगता येत नाही म्हणून ते असं बाहेर पडतं.

आणि काळजी घेणारीला सुटी. आठवड्यातून दोन तास शेजारीण, बचत गटातली मैत्रीण किंवा नणंद येऊन बसली, तर ती बाजारात किंवा देवळात जाऊन येईल. हे आपोआप होत नाही. समन्वयकानं वार आणि नाव ठरवून वहीत लिहायला हवं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि दिवसा ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन्ही नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

औषधांबद्दल थोडक्यात

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन या डिमेन्शियावरच्या औषधांनी काही रुग्णांना काही काळ थोडा फायदा होतो, आजार थांबत नाही. हे आधीच सांगा, म्हणजे कुटुंब कर्ज काढून महागडी औषधं घेत राहणार नाही. डोनेपेझिलनं नाडी मंदावू शकते, म्हणून सुरू करण्यापूर्वी नाडी आणि ईसीजी पाहा. वागणूक आवरायला दिली जाणारी अँटिसायकोटिक (तीव्र मनोविकारांवरची) औषधं डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला आहे. ती देऊच नयेत असं नाही. पण कुणी सुरू केली, का, किती दिवसांसाठी आणि फेरतपासणी कधी, हे वहीत असलंच पाहिजे. औषधदुकानदारांनी अशी चिठ्ठी सहा महिने तशीच पुढं चाललेली दिसली, तर समन्वयकाला कळवावं.

गणपती आणि मे महिना

कोकणात कुटुंबाची बैठक घ्यायची तर गणपतीत, शिमग्याला किंवा मेच्या सुटीत. मुंबई-पुण्याची मुलं त्या दिवसांत घरी असतात आणि आईला काहीतरी होतंय हे अनेकदा त्यांच्या तेव्हाच लक्षात येतं. गटानं वर्षाचं नियोजन या तारखांभोवती करावं. विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस कुटुंबभेटींसाठी राखून ठेवा.

बैठकीत तीन गोष्टी ठरायला हव्यात: गावी राहणाऱ्याला महिन्याला किती पैसे येणार, वर्षातून कोण किती दिवस येऊन बदली करणार, आणि निर्णय कोण घेणार. कायद्याची माहिती इथं द्यावी, कारण उशीर झाला की हातात काही राहत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्ण समजून-उमजून सांगू शकतो तोवर साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो. हे उपचारांपुरतं आहे, मालमत्तेसाठी नाही. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की आपल्या कायद्यात ते टिकत नाही. संयुक्त बँक खातं, नॉमिनीची नोंद आणि मृत्युपत्र ही कामं सुरुवातीच्या टप्प्यातच, वकिलाचा सल्ला घेऊन आणि आजोबांच्या खऱ्या इच्छेनं व्हायला हवीत. त्यांना काय सही करतोय हे कळत नसेल, तर ती सही घेऊ नका आणि घेऊ देऊ नका. छळ किंवा हेळसांड दिसली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडं दाद मागता येते. श्रावणबाळ योजनेचं अनुदान आणि पोस्टमनकरवी घरबसल्या होणारा हयातीचा दाखला, यांची माहितीही समन्वयकाकडं तयार असावी.

महिन्याची बैठक

एकच वार, एकच वेळ, एक तास. उदाहरणार्थ दुसरा बुधवार, दुपारी तीन, आरोग्य केंद्रात. अजेंडा ठरलेला: नवे रुग्ण, अडलेले रुग्ण, गेल्या वेळी ठरलेली कामं. अडलेल्यांपैकी दोनच घ्या, पण त्यांचं पुरतं बोला आणि प्रत्येक कामापुढं नाव लिहा. आशाताईंना आधी बोलू द्या. डॉक्टरांनी सुरुवात केली की बाकीचे माना डोलावतात आणि घरात पाहिलेली गोष्ट पोटातच राहते.

व्हॉट्सॲप गट वेळ-तारखांसाठी ठीक आहे. रुग्णाचं नाव, फोटो, व्हिडिओ तिथं टाकायचा नाही. मदतीसाठी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला तर ते कुटुंब पुन्हा कधी दार उघडणार नाही. माहिती कुणाकुणात वाटली जाईल याची परवानगी पहिल्याच भेटीत घ्या.

माणूस हरवलं तर

आधीच तयारी ठेवा: अलीकडचा फोटो, उंची, खुणा, पूर्वीची घरं आणि कामाच्या जागा. कपड्याच्या आतून फोन नंबर शिवा. पोलीस पाटील, एसटी स्टँडवरचे कंट्रोलर आणि रिक्षा संघटना यांना समन्वयकाचा नंबर द्या. हरवल्यावर घरच्यांनी तासन् तास एकट्यानं शोधत बसू नये, पहिल्या अर्ध्या तासात पोलिसांना आणि समन्वयकाला कळवावं. शोध पाणवठे, जुनी वाट, जुनं घर इथून सुरू करावा.

अंथरुणाला खिळल्यावर

या टप्प्यात भेटी कमी होतात, आणि खरं तर वाढायला हव्यात. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड रोज पाहणं, भरवताना बसवणं, घट्टसर पेज लहान घासांनी देणं, तोंड स्वच्छ ठेवणं, हे परिचारिकेनं करून दाखवावं आणि घरच्यांकडून करून घ्यावं. गिळणं थांबत आलं की नळी घालायची का, रुग्णालयात न्यायचं का, हे प्रश्न मध्यरात्री घाईत न येता आधी शांतपणे बोलले जावेत. नळीनं या टप्प्यात आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, हे कुटुंबाला सांगणं आपलं काम आहे. वेदना कमी करता येतात आणि त्या कमी करायच्याच.

मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी एक भेट ठेवा. काळजी घेणाऱ्या बाईचे दिवस एकदम रिकामे होतात आणि तिच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

काय मोजायचं

पहिल्या वर्षी चार आकडे पुरेत. सीबॅकमध्ये "हो" आलेल्यांपैकी किती जणांपर्यंत महिन्याभरात पोचलो. किती जणांच्या मूळ तपासण्या पूर्ण झाल्या आणि त्यात किती जणांना बरं होणारं कारण सापडलं. किती घरांत वही चालू आहे, म्हणजे गेल्या दोन महिन्यांत निदान दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं आहे. आणि किती काळजीवाहकांना आठवड्यातून दोन तास खरोखर मिळतात. हा चौथा आकडा गाठणं सगळ्यांत अवघड आहे, म्हणून तो सगळ्यांत वर लिहा.

वर्षअखेरीस हे आकडे तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि पैसे देणारं मंडळ यांच्यापुढं ठेवा, अपयशासह. पुढच्या वर्षासाठी दोनच सुधारणा निवडा आणि तिसऱ्या आरोग्य केंद्राला बोलावणं धाडा. त्यांच्या पहिल्या दोन बैठकांना तुमच्या समन्वयकाला आणि एका आशाताईंना पाठवा. प्रवासखर्चाची तरतूद आधीच करून ठेवा.